पाणी सुटल्याचा निरोप

तुमच्या गावात पाणी सुटलं, हे सगळ्यात आधी कुणाला कळतं?

वॉलमनला, असं पटकन उत्तर देऊ नका. तो चावी फिरवतो, त्याला कळणारच. त्याच्यानंतर कुणाला? नगरसेवकाच्या पुतण्याला? चौकातल्या पानटपरीवर उभ्या असलेल्यांना? आमच्या गावात तरी हाच क्रम होता. गावाचं नाव सांगत नाही. जळगावहून बसने तासाभराच्या आत येतं, एवढं पुरे. तिथे पाणी आठव्या दिवशी येतं, कधी नवव्या. वेळ ठरलेली नाही. सकाळी सात म्हणा, दुपारी एक म्हणा. आलं की आमच्या वॉर्डात वीस मिनिटं, फार तर पंचवीस. त्या वीस मिनिटांसाठी घरातल्या एका माणसाने सगळा दिवस नळापाशी बसायचं. हा एक माणूस म्हणजे नेहमी बाई असते, हे मी लिहायला हवं का?

मी जळगावात एका लहान कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. पाइपच्या दुकानावरचा दुसरा मजला, सहा खुर्च्या, एक कूलर. आमच्या नगरपालिकेने या कंपनीला काम दिलं, तेव्हा मला कोण आनंद झाला होता. प्रत्येक वॉर्डाच्या वॉलला, म्हणजे पाणी सोडायच्या चावीला, दाब मोजणारं यंत्र बसवायचं. ते दर मिनिटाला आकडा पाठवणार. हे आकडे क्लाउडवर, म्हणजे कुठेतरी दूर भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरवर, सलग धारेसारखे येत राहणार. मी लिहिलेला प्रोग्रॅम त्या धारेवर नजर ठेवून बसणार. दाब चढला आणि टिकला की तो एक ओळ तयार करणार: वॉर्ड सात, पाणी सुरू, वेळ अमुक. दाब उतरला की दुसरी ओळ: पाणी बंद.

या ओळीला आम्ही आउटपुट म्हणतो. ती कुठे पोचवायची, ते ठिकाण वेगळं लिहून द्यावं लागतं. ते लिहिलं नाही तरी प्रोग्रॅम चालत राहतो. ओळी तयार होतात आणि वाऱ्यावर जातात. कुठे काही अडलं आहे असं बाहेरून दिसतही नाही. मी ठिकाण लिहिलं होतं ते मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेचं. ओळ तयार झाली की त्या वॉर्डात नोंदलेल्या प्रत्येक मोबाईलवर ती जायची. मधे कुणी साहेब नाही, कुणाची सही नाही. दिवाळीनंतर हे सुरू झालं आणि मी गावातून मान वर करून चालायला लागले.

माझं वाढणंच तसं झालं आहे. लहानपणी आम्ही धुळ्यात होतो. वडील तिथे एका छापखान्यात मशीन चालवायचे. बिघडलेली पत्रकं गठ्ठ्याने घरी यायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. मोर्चाला या, सभेला या, जाब विचारा, अशी वाक्यं मला धड्यांआधी पाठ झाली. गणितं मी पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूला सोडवली. सोनगीरच्या बाजारात वडिलांबरोबर पत्रकं वाटायला जायचे, तेव्हा ते म्हणायचे, "भिंतीले चिकाडू नको. हातमां दे, तोंडकडे देख, मंग पुढे चाल." माणसाच्या हातात निरोप थेट पडला पाहिजे, हे मी तिथे शिकले. म्हणून त्या मेसेजचा मला अभिमान होता.

आमच्यापासून तिसऱ्या घरात अक्का राहते. जळगावच्या एका डाळमिलमध्ये ती डाळ निवडायला जाते. सकाळी साडेसातच्या बसला आम्ही दोघी असतो. एका सोमवारी ती बसमध्ये नेहमीसारखी बोलत नव्हती. पाळधी मागे पडलं तेव्हा म्हणाली, "मुकादम म्हने, आते येक खाडा व्हयना तं तुनी जागावर दुसरी बाई."

"खाडे कसाले करस?"

"पानीना दिन घर बसनं पडस. काय करू?"

"आते घाबरू नको, अक्का. मेसेज येस ना आते."

तिने माझ्याकडे पाहिलं, जरा हसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. ते हसू मला तेव्हा कळलं नाही. मोठी माणसं लहानांच्या खेळाकडे बघून हसतात, तसं होतं ते.

त्याच दिवशी ऑफिसात पत्र आलं. पाणीपुरवठा समितीच्या सभापतींचं. सरांनी, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांनी, ते माझ्या टेबलावर ठेवलं.

"एवढंच करायचंय. आउटपुटचं ठिकाण बदलायचं. दोन ओळींचं काम."

मी वाचलं. मेसेज यापुढे नागरिकांना परस्पर पाठवू नयेत. ते समितीच्या कार्यालयातल्या स्क्रीनवर पाठवावेत. तिथे ते तपासून, सभापतींच्या मंजुरीने नागरिकांना पाठवले जातील.

"सर, आमच्याकडे पाणी वीस मिनिटं येतं. मंजुरी येईपर्यंत नळ कोरडा पडेल."

"मंजुरी पाण्याला नाही लागत, मेसेजला लागते."

"पण का?"

का ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. आमच्या मेसेजमध्ये वेळ असायची, सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची. कुणीतरी ते मेसेज जपून ठेवले आणि सभेत वाचून दाखवले. वॉर्ड सातला वीस मिनिटं, वॉर्ड दोनला दोन तास. वॉर्ड दोनमध्ये कुणाचे बंगले आहेत ते गावाला विचारा. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मोबाईलवर लिहून आली, एवढाच आमचा गुन्हा. यावर उपाय काय? पाणी सारखं वाटायचं? छे. सांगणाऱ्याचं तोंड दुसरीकडे फिरवायचं.

"जुनं ठिकाण राहू द्या," मी म्हटलं. "नवं जोडते. एकाच ओळीला दोन ठिकाणं देता येतात. त्यांनाही जाईल, लोकांनाही."

"क्रांतिकारक मॅडम," सर म्हणाले, "सभापतींना फोन करून तुम्ही सांगता का हे? नाही ना? मग बदला."

मी बदललं. ही ओळ लिहिताना मला लाज वाटते, पण मी बदललं. आधी कोणती आवृत्ती बदलायची ते प्रोग्रॅमला सांगावं लागतं, ते सांगितलं. जुन्या ठिकाणाचं नाव खोडलं, समितीचं टाकलं, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. अक्काने सकाळीच मला मुकादमाची धमकी सांगितली होती आणि दुपारी माझ्याच बोटांनी तिचा मेसेज तोडला. अन्याय करायला किती थोडे कष्ट लागतात, ते त्या दिवशी मला कळलं.

आठवडाभर मी वाट पाहिली. कुणीतरी बोलेल, कुणीतरी विचारेल, मेसेज का येत नाही. गल्लीत चकार शब्द नाही. मला लोकांचाच राग यायला लागला. हक्काची गोष्ट काढून घेतली आणि यांना पत्ता नाही? शनिवारी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, "आमच्या पाण्याचा निरोप कुणी अडवला?" पिवळ्या कागदावर झेरॉक्स काढल्या आणि रविवारी दुपारी गल्लीत गेले.

अक्का ओट्यावर गोधडीला ठिगळ लावत होती. समोर शिवणवाल्या काकू दारातच मशीन लावून बसल्या होत्या. या काकू कुठेच जात नाहीत. गल्लीभराच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. मी दोघींच्या हातात पत्रक दिलं आणि सभेत बोलावं तशी बोलायला लागले.

"अक्का, तुमना मेसेज सभापतीनी बंद करी दिधा!"

"कसाना मेसेज वं?"

"पानी सुटनं म्हनीसन येस तो."

"मना मोबाईलवर तं कधी उना नही."

मला वाटलं, या आठवड्याचं बोलते आहे. "आते नही. दिवाळीपासून येत व्हता तो."

"तेच सांगस ना. कधीच उना नही." तिने ब्लाउजमधून आपला बटणांचा फोन काढून माझ्यापुढे धरला. "तूच देख."

"शाळामां नोंदणी करी व्हती ना तू?"

"करी व्हती. तूच तं लिखी लिधं. नंबर यासना दिधा."

यासना, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. तो ट्रकवर असतो. त्या वेळी तो इंदूरच्या पुढे कुठेतरी होता.

काकूंनी मशीन थांबवली. "म्हंजे पानी उनं आठे, नि मेसेज ग्या इंदूरले?"

"हा."

"मंग भाऊनी तठेच हंडा भरी लिधा व्हई!"

दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या. अक्काने तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागून ट्रकचा घरघराट येत होता.

"हा, येस ना कायतरी," तो म्हणाला. "वार्ड सात, वार्ड सात. माले वाटनं निवडणूकनं शे. पुसी टाकस मी."

बायका पुन्हा हसल्या. मी हसले नाही. माझ्या हातात पिवळ्या कागदांचा गठ्ठा होता आणि त्यावर जे लिहिलं होतं ते अर्धं खोटं निघालं होतं. सभापतींनी निरोप अडवला, हे खरं. पण तो अक्कापर्यंत पोचतच नव्हता आणि तो मीच पोचू दिला नव्हता. नोंदणीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून मीच बसले होते. समोर रांगेत सगळ्या बायका. मी एकेकीला विचारत होते, "घरचा मोबाईल नंबर?" आणि प्रत्येक बाई नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर घडाघडा सांगत होती. गॅसला तोच, रेशनला तोच, शाळेला तोच. स्वतःचा नंबर कुणी कधी विचारलाच नाही, तर पाठ कसा असेल? मी मान वर न करता टाइप करत गेले. हातात दे, तोंडाकडे बघ, हे शिकलेली मी, एकीच्याही तोंडाकडे पाहिलं नाही.

सोमवारी ऑफिसात वॉर्ड सातची यादी उघडली आणि एकेक नंबर फिरवायला लागले.

"हॅलो, पाण्याचा मेसेज तुम्हाला येतो का?"

"कोणतं पाणी? मी सुरतला आहे."

दुसरा धुळ्याच्या एमआयडीसीत रखवालदार होता. तिसरा म्हणाला, "ताई, येतो मेसेज, पण मी दुकानात असतो. घरी सांगायचं राहून जातं." चौथ्याने मलाच विचारलं, "कर्ज देताय का?" मी फोन ठेवला. पुढे यादीत आमचं घर आलं. नंबर वडिलांचा. पाणी भरते आई. तीही मीच लिहिलेली ओळ.

संध्याकाळी घरी वडिलांना विचारलं, "मेसेज यायचा ना तुम्हाला?"

"यायचा की."

"आईला सांगितलंत कधी?"

"मी मीटिंगमध्ये असायचो," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. आई आतून म्हणाली, "त्यांना काय विचारतेस? मला विचार ना, पाणी कधी आलं ते." माझा सगळा राग त्या एका वाक्यापुढे फुसका ठरला. आजवर आम्ही दोघांनी किती पत्रकं वाटली आणि आईला एक प्रश्न विचारला नाही.

पण त्या सोमवारी ऑफिसात आणखी एक गोष्ट सापडली होती. नवं ठिकाण लिहिलं की काम संपत नाही. त्या ठिकाणी लिहायची परवानगीही प्रोग्रॅमला वेगळी द्यावी लागते. चिडून, घाईने बदल करताना ती द्यायचीच मी विसरले होते. म्हणजे आठवडाभर समितीच्या स्क्रीनवर एकही ओळ उमटली नव्हती. प्रोग्रॅम चालू, दिवा हिरवा, आणि चुकांच्या नोंदी एका कोपऱ्यात साठत होत्या. तो कोपरा कुणी उघडला नव्हता. मीही नाही.

आणि समितीतून एक फोन आला नव्हता! ज्यांना प्रत्येक मेसेज तपासायचा होता, मंजूर करायचा होता, त्यांची स्क्रीन सात दिवस कोरी होती आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांना निरोप नकोच होता. तो बाकीच्यांना मिळू नये, एवढंच हवं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरांच्या खोलीत गेले आणि चूक माझीच आहे, असं आधी सांगून टाकलं. मग म्हटलं, "पण सात दिवसांत कुणाला कळलं नाही, सर. उद्या यंत्र बिघडलं, तरी यांना सहा महिने कळणार नाही. मेसेज बायकांना गेला असता तर पहिल्याच दिवशी ओरड झाली असती. आपल्याला बिघाड सांगणारं दुसरं कोण आहे?"

सरांनी सभापतींचं पत्र पुन्हा उघडलं. काम हातचं जाईल ही त्यांची भीती होती, माझ्या तत्त्वांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण त्यांना मुद्दा पटला.

"दोन्ही ठिकाणं जोड," ते म्हणाले. "सभापतींना मी तांत्रिक कारण सांगतो. आणि परवानगी आधी बघ या वेळी."

मी जोडली. परवानगी दोनदा तपासली. मग रविवारची वाट न बघता संध्याकाळीच वही घेऊन अक्काकडे गेले. म्हटलं, "अक्का, तुना नंबर सांग. तुनाच लावस आते."

"मना नको लावू."

मी चिडले. इतकं सगळं करून आता ही नको म्हणते?

"मिलमां फोन पिशवीमां जमा करतस," ती शांतपणे म्हणाली. "मुकादम संध्याकायले देस परत. तुना मेसेज तठे काय कामना?"

हेही मला माहीत नव्हतं. रोज तिच्या शेजारी बसून जाते मी.

"मंग कोना लावू?"

तिने समोर बोट दाखवलं. काकू मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "लाव मना." मग त्यांनी हिशेब सांगितला. वॉल उघडल्यावर गल्लीत पाणी यायला दहा-बारा मिनिटं लागतात. आजवर पाणी अवचित यायचं, त्यामुळे स्वतःच्या घरचं भरता भरताच वेळ संपायचा. आधी कळलं तर त्या किल्ल्या घेऊन निघतील, अक्काच्या आणि आणखी दोघींच्या टाकीत पाइप सोडतील, मोटार लावतील आणि पाणी यायच्या आत आपल्या नळाशी येऊन उभ्या राहतील. त्या तिघींनी शिवायला टाकलेले ब्लाउज तेवढे घाईने मागायचे नाहीत, ही काकूंची अट.

इतकं सोपं होतं. मी चार महिने प्रोग्रॅम लिहिला आणि या दोघींनी चहा उकळेपर्यंत तो नीट केला. चार घरांपुढे मी काकूंचा नंबर लिहिला. आमच्या घरापुढे आईचा.

पुढच्या पाण्याच्या दिवशी साडेसातच्या बसला अक्का होती. हातात डबा, चेहरा कावराबावरा. जळगाव येईपर्यंत ती तीनदा म्हणाली, "नही उनं पानी तं नही. पन खाडा नको." साडेअकराला माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली. वॉर्ड सात, पाणी सुरू. मी काकूंना फोन लावला, तो त्यांनी कापला. तेव्हा मला कळलं की किल्ल्या घेऊन त्या निघाल्या आहेत. संध्याकाळी अक्काची टाकी भरलेली होती आणि तिची मिलमधली जागा शाबूत होती. त्यानंतर तिचा पाण्यापायी खाडा झालेला नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. सभापतींना दुसरं ठिकाण कळलंच. सरांनी दिलेल्या तांत्रिक कारणामुळे ते बंद करणं आता अवघड होतं, म्हणून त्यांनी आपलं वाक्य घुसवलं. आता मेसेजची सुरुवात "सभापतींच्या अथक प्रयत्नांतून" अशी होते. बटणांच्या फोनवर पहिला पडदा तेवढ्यानेच भरतो, वॉर्डाचा नंबर बघायला खाली जावं लागतं. पाण्याच्या वेळांची नोंद मेसेजमधून काढून टाकली आहे. मी भांडले, हरले. वॉर्ड दोनला अजून दोन तास पाणी येतं.

आणि गावातल्या बाकीच्या घरांपुढे यादीत अजून तेच नंबर आहेत, सुरतचे, धुळ्याचे, दुकानांतले, ट्रकांवरचे. त्या त्या गल्लीत एकेक अक्का दिवसभर नळापाशी बसून आहे आणि तिचा मुकादम खाडे मोजतो आहे. ती यादी मला एकटीला बदलता येत नाही. आमच्या पाच घरांचे नंबर मी परस्पर बदलले, तेव्हापासून नगरपालिकेचं म्हणणं, घरातलं कुणीतरी अर्ज घेऊन आल्याशिवाय नंबर बदलणार नाही. अर्जाला कुणी येत नाही, कारण ज्याच्या फोनवर मेसेज येतो त्याला काही अडत नाही आणि जिचं अडतं तिला असा मेसेज असतो हेच माहीत नाही.

म्हणून हे वाचून झालं की एक काम करा. तुमच्या घरात पाणी कोण भरतं, तिच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा, पाणी सुटल्याचं कळवायचं असेल तर कुणाच्या फोनवर कळवू? ती स्वतःचा नंबर सांगेल, शेजारणीचा सांगेल, सासूचा सांगेल. जो सांगेल तो तसाच कागदावर लिहा, आपलं शहाणपण त्यात घालू नका. आणि उद्या कचेरी उघडली की तो अर्ज स्वतः नेऊन द्या, पोच घ्या.